क्राउन-पिनियनचे दात गाडी विकतानाच सांगा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

छोट्या मालवाहतूकदारांच्या वाढत्या डिझेलखर्चाविषयी आपल्या दैनिकात नुकताच जो मजकूर आला, त्यात काही पिकअपमालक ‘मागचा गिअर’ (मागच्या एक्सलमधली क्राउन-पिनियन ही दातेरी चाकांची जोडी) बदलून घेऊन अ‍ॅव्हरेज वाढवत असल्याचा एका ओळीत उल्लेख होता. मजकूर डिझेलच्या दराविषयी होता आणि तो नेटका होता. परंतु ती एक ओळ वाचून आमच्या भागातील चार-दोन मालक तरी गॅरेजच्या दारात उभे राहिले असणार, याची मला खात्री आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मेकॅनिक डिझेल आणि मोटार मेकॅनिक हे व्यवसाय शिकवणारा शिल्पनिदेशक म्हणून माझी नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतर आजही गडहिंग्लजमधल्या एका ओळखीच्या गॅरेजात सकाळचे दोन तास मी जाऊन बसतो. तेथे जे दिसते त्यावरून माझी तक्रार मालकांविषयी कमी आणि गाडी विकणाऱ्यांविषयी अधिक आहे. आपण घेतलेल्या पिकअपच्या डिफरन्शियलमध्ये किती दातांचे क्राउन-पिनियन बसवले आहे, हे खरेदीच्या वेळी मालकाला सहसा कोणी सांगत नाही. आणि जे मुळात ठाऊकच नाही, ते पुढे अंदाजाने बदलले जाते.

ज्यांना हा भाग उघडून पाहण्याचा प्रसंग आला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गिअरबॉक्समधून निघालेली गती जॉइंटच्या लांब दांड्यामार्फत मागच्या एक्सलच्या मध्यावर असलेल्या फुगीर हाउसिंगमध्ये, म्हणजे डिफरन्शियलमध्ये, येते. तेथे जॉइंटला जोडलेला लहान पिनियन मोठ्या क्राउनला फिरवतो आणि क्राउन चाकांना फिरवतो. पिनियनला 10 आणि क्राउनला 41 दात असतील, तर जॉइंटचे 4.1 फेरे झाल्यावर चाकाचा एक फेरा होतो. पिनियनला 8 आणि क्राउनला 39 असतील, तर त्याच एका फेऱ्यासाठी जॉइंटला 4.875 वेळा फिरावे लागते. गॅरेजात ‘चार पॉइंट एक’ असे कोणी म्हणत नाही. ‘दहा-एक्केचाळीस’, ‘आठ-एकोणचाळीस’ असेच म्हणतात, आणि ते योग्यच आहे, कारण दात बोटाने मोजता येतात. हा आकडा मोठा असेल तर गाडी ओढते जास्त, पण इंजिनाला पळावेही जास्त लागते. लहान असेल तर सपाटीवर गाडी मोकळी धावते आणि भरती घेऊन चढ लागला की दमते. गिअरबॉक्समधला एखादा गिअर बदलला तर तेवढाच बदलतो, मात्र क्राउन-पिनियन बदलले की पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सगळे गिअर आणि त्यांच्याबरोबर रिव्हर्ससुद्धा एकाच प्रमाणात बदलतो. मालकाला आधी समजावून सांगायला हवी ती हीच गोष्ट, आणि नेमकी तीच कोणी सांगत नाही.

वर्गात मुलांना 41 हा आकडा नेहमी खटकत असे. सरळ 40 दात का पाडत नाहीत, असे ते विचारत. 40 ला 10 ने पूर्ण भाग जातो. त्यामुळे पिनियनचा एक दात क्राउनच्या ठरावीक चार दातांवरच पुन्हा पुन्हा येईल आणि त्या दातात काही खोट असेल तर ती त्या चारांनाच खात राहील. 41 ला भाग जात नाही, म्हणून पिनियनच्या प्रत्येक दाताची क्राउनच्या प्रत्येक दाताशी गाठ पडते आणि झीज सर्वांवर सारखी वाटली जाते. एवढा विचार करून पाडलेले दात आपण भंगाराच्या ढिगातून किलोच्या भावाने उचलून आणतो.

आता अ‍ॅव्हरेजचा हिशेब पाहू. 215/75 आर 15 मापाच्या टायरचा व्यास सुमारे 70 सेंटिमीटर आणि घेर सुमारे 2.2 मीटर असतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी मिनिटाला एक किलोमीटर जाते, म्हणजे चाकाचे सुमारे 450 फेरे होतात. चौथ्या गिअरमध्ये इंजिन आणि जॉइंट एकाच गतीने फिरत असतील, तर 10/41 ला इंजिनाचे साधारण 1,850 फेरे आणि 8/39 ला साधारण 2,200 फेरे होतील. फेऱ्यांत सोळा टक्के घट झाली म्हणजे डिझेलही सोळा टक्के वाचेल, असे मालक धरून चालतो आणि तेथेच फसतो. भरलेली गाडी ओढणे, टायरचे घर्षण सोसणे, हवा कापणे आणि चढ चढणे ही कामे दोन्ही गिअरांत तेवढीच राहतात, आणि डिझेल मुख्यतः त्यांवरच जळते. वाचते ते इंजिनाच्या स्वतःच्या घर्षणात आणि श्वासोच्छ्वासात जाणारे थोडेसे. पुणे-बेंगळुरू महामार्गावर हलक्या मालाने रात्रभर सरळ धावणाऱ्या गाडीला ते थोडेसेही उपयोगी पडते, हे मला मान्य आहे. परंतु घाटात ज्याला पाचव्यातून चौथ्यात आणि चौथ्यातून तिसऱ्यात यावे लागते, त्याने मागे कमावलेले पुढे गिअर पाडून परत केलेले असते.

यातली खरी मौज वेगळीच आहे. जुन्या पिकअपमध्ये वेग आणि किलोमीटर मोजण्याचे काम गिअरबॉक्सच्या शेपटाकडून चालते; केबल असो वा सेन्सर, तो जॉइंटचे फेरे मोजतो, चाकाचे नव्हे. त्यामुळे क्राउन-पिनियन बदलले आणि स्पीडोमीटरचा लहान गिअर किंवा मीटरची जुळणी तशीच ठेवली, तर मीटर खोटे बोलू लागतो. एका मालकाने घाटासाठी 10/41 काढून 8/39 बसवले आणि आठवडाभराने पेढे घेऊन आला. ओढ तर वाढलीच, वर अ‍ॅव्हरेज 12 वरून 13 वर गेले, असे त्याचे म्हणणे होते. मी त्याला वहीचा कागद काढून दाखवला. गाडी 100 किलोमीटर गेली की त्याचा मीटर आता 119 दाखवत होता, म्हणून 13 ला 1.19 ने भागले तर खरे अ‍ॅव्हरेज 11 च्याही आत आले होते. पेढे आम्ही खाल्ले. मात्र किलोमीटरवर भाडे देणाऱ्या व्यापाऱ्याने त्या आठवड्यात शंभराच्या जागी एकशे एकोणीस किलोमीटरचे पैसे मोजले, आणि ते त्याला आजतागायत कळलेले नाही. उलट्या बदलात चूक उलट्या दिशेने होते आणि ती जास्त वाईट असते. 8/39 काढून 10/41 घातले की काटा 60 वर असताना गाडी प्रत्यक्षात 71 ने धावत असते. ज्या नव्या गाड्यांत वेग चाकाजवळच्या सेन्सरवरून घेतला जातो त्यांत हा घोटाळा होत नाही, पण तेथे इंजिनाचे फेरे आणि गाडीचा वेग यांचा मेळ संगणकाच्या हिशेबात बसेनासा होतो.

तरीही मीटरचा खोटेपणा पैशांपुरता आहे. घाटाचा प्रश्न जिवाचा आहे. आमच्या बाजूने भाजी भरून निघालेल्या पिकअप आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीकडे आणि पुढे गोव्याकडे जातात. भरतीसह तीन टन वजनाची गाडी साडेपाचशे मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते, ती विजेच्या भाषेत सुमारे साडेचार युनिट भरते. ती इंजिनाने, हवेने आणि ब्रेकच्या ड्रमांनी वाटून घ्यायची असते, आणि इंजिनाने आपला वाटा कमी उचलला की उरलेला ड्रमांच्या माथी येतो. जुने ड्रायव्हर सांगत की ज्या गिअरने चढलास त्याच गिअरने उतर. हा नियम त्यांच्या पायाला आणि कानाला मुरलेला असतो. समजा गिअरबॉक्सचा तिसरा गिअर 1.4 आहे आणि चौथा 1. मागे 8/39 असताना तिसऱ्यात एकूण गुणोत्तर 6.8 च्या आसपास येत होते. 10/41 घातल्यावर तेच 5.7 वर येते. म्हणजे जुन्या गाडीत तिसरा आणि चौथा यांच्या मधोमध कुठेतरी असलेल्या, प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेल्या गिअरमध्ये ड्रायव्हर घाट उतरत असतो. हाताला तिसरा लागलेला असतो, पण इंजिन तिसऱ्याइतके धरत नाही. मग पाय ब्रेकवर जातो आणि तेथेच राहतो. दाणोलीच्या अलीकडे ब्रेकच्या लायनिंगचा जळका वास यायला लागतो, आणि ड्रम तापून फुगले की पेडल खोल जाते. मालकाने गिअर बदलून घेतला, पण पगारी ड्रायव्हरला ते सांगितलेच नाही, असेही मी पाहिले आहे.

आता माझ्या घरचेच सांगतो. माझ्या मेहुण्याच्या पिकअपमध्ये असाच 8/39 काढून 10/41 चा सेट घातला गेला. गॅरेज कोणते ते येथे सांगत नाही. मेहुण्याने मला विचारले नाही, हा माझा घरगुती राग आहे आणि तो वर्तमानपत्रात आणण्याचे कारण नाही. पहिला महिनाभर तो खूश होता. मग घाटात भरलेली गाडी थांबून पुन्हा उचलताना हाफ क्लच जास्त वेळ धरावा लागू लागला आणि क्लच प्लेट चार महिन्यांत गेली. त्यानंतर जॉइंटचा क्रॉस, म्हणजे सांध्यातला फुलीच्या आकाराचा तुकडा, तुटला. त्याचे कारणही सरळ आहे, कारण चाकावर तेवढीच ओढ हवी असेल तर मागचे गुणोत्तर कमी झाल्यावर जॉइंटला सुमारे एकोणीस टक्के जास्त पीळ सोसावा लागतो. शेवटी डिफरन्शियल रडायला लागले. एक्सिलरेटर दिला की आवाज कमी आणि सोडला की वाढणारा, असा तो सूर होता.

हाउसिंगचे तेल मी स्वतः काढले. ते काळे नव्हते, राखाडी होते, आणि बोटांच्या चिमटीत घेऊन उन्हात धरल्यावर चांदीच्या वर्खासारखे चमकत होते. ती चमक दातांच्या पोलादाची होती. क्राउन बाहेर काढून पुसला तेव्हा त्यावर कोरलेला जोडीचा क्रमांक आणि पिनियनच्या टोकावरचा क्रमांक वेगळे निघाले. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात आणि जोडीनेच वापरायचे असतात; दोन वेगळ्या गाड्यांतून आलेले दोन तुकडे दात जुळतात म्हणून एकत्र बसवले, तर ते एकमेकांना घासून स्वतःचा मार्ग काढतात आणि तो मार्ग तेलात उतरतो. जुन्या सेटचे शिम, म्हणजे अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या, जसेच्या तसे परत घातले होते. पिनियनच्या दोन दातांच्या बाहेरच्या टोकांचे टवके उडाले होते. गॅरेजवाल्याचे उत्तर ठरलेले होते: गाडी जास्त भरली असेल.

हे काम नीट कसे होते ते मी मुलांना वर्षानुवर्षे दाखवले आहे, म्हणून येथे जरा रेंगाळतो. जोडीचा क्रमांक जुळला की पिनियन किती आत बसवायचा हे शिमने ठरवावे लागते, कारण एक दशांश मिलिमीटरनेही दाताची बैठक सरकते. मग पिनियनच्या बेअरिंगवर योग्य ताण आणायचा. ज्या हाउसिंगमध्ये दबून बसणारा स्पेसर असतो त्यात तो एकदाच वापरता येतो, परत घालता येत नाही. त्यानंतर क्राउन आणि पिनियन यांच्या दातांमधली ढील डायल गेज लावून मोजायची. बहुतेक पिकअपच्या एक्सलला ती मिलिमीटरच्या पंधरा ते पंचवीस शतांशांच्या आसपास धरतात, आणि गाडीच्या पुस्तकात दिलेली असेल तर तीच प्रमाण मानायची. शेवटी शेंदूर. किराणा दुकानातला, मारुतीला वाहतात तोच शेंदूर थोड्या तेलात कालवून क्राउनच्या पाच-सहा दातांना पातळ लावायचा, क्राउनला हाताने थोडा अडथळा ठेवून पिनियन दोन्ही दिशांना फिरवायचा आणि दातावर कोठे शेंदूर पुसला गेला ते पाहायचे. पुसलेला ठसा दाताच्या मधोमध, किंचित आतल्या टोकाकडे आणि लांबट आला तर बैठक बरोबर आहे. ठसा दाताच्या वरच्या कडेवर आला तर पिनियन बाहेर राहिला आहे. बुंध्याशी आला तर फार आत गेला आहे. बाहेरच्या टोकाला सरकला तर क्राउन पिनियनपासून लांब बसला आहे. मुलांना मी सांगत असे की मारुतीला शेंदूर लावताना नवस बोलतात, क्राउनला लावताना निदान घाई करू नये. शेंदूर शिशाचा असतो, म्हणून नंतर हात साबणाने धुवावेत, हेही त्याबरोबरच सांगत असे.

या गिअरमध्ये पिनियनचा आस क्राउनच्या मध्याखाली असतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घसरतातही, आणि तो दाब सोसणारे जीएल-5 दर्जाचे तेल घालावे लागते. डब्यातले कोणतेही ‘नव्वद नंबर’ ओतून चालत नाही. नवा सेट बसवल्यावर पहिले काही शे किलोमीटर भरती न टाकता गाडी चालवावी, मध्ये थांबून हाउसिंग थंड होऊ द्यावे आणि नंतर ते पहिले तेल काढून टाकावे. भाजीवाल्याला दुसऱ्याच दिवशी पहाटे फेरी असते, त्यामुळे हा भाग जवळजवळ कोणीच पाळत नाही.

याचा अर्थ हा बदल कधीच करू नये, असे मी म्हणत नाही. मोठे टायर घातलेल्या गाडीत तो करणे शहाणपणाचे ठरते, कारण टायरचा व्यास 70 वरून 75 सेंटिमीटर झाला की गाडी आपोआपच सात टक्के ‘लांब’, म्हणजे लहान आकड्याच्या, गिअरवर जाते आणि तेवढी ओढ मागून परत मिळवावी लागते. कायम घाटात भरून चालणाऱ्या गाडीला मोठ्या आकड्याचा सेट मूळच्याच एक्सल-कुटुंबात मिळत असेल तर तो घालायलाही माझी हरकत नाही, फक्त पिनियनचे दात कमी झाले की तो बारीक होतो आणि तेवढा नाजूकही होतो, हे लक्षात ठेवावे. चारही चाके ओढणारी गाडी असेल तर पुढचा आणि मागचा दोन्ही सेट एकाच गुणोत्तराचे हवेत. मागचाच बदलून पुढचा तसाच ठेवला तर फोर व्हील लावल्याबरोबर गाडी स्वतःशीच भांडू लागते.

अमेरिकेत पिकअप घेणारा माणूस इंजिनाइतकाच एक्सलचा आकडाही निवडतो. फोर्डच्या एफ-150 ला 3.31, 3.55, 3.73 असे पर्याय दिले गेले आहेत, आणि ओढता येणाऱ्या वजनाचा तक्ता त्या आकड्यानुसार वेगळा छापला जातो. जनरल मोटर्सच्या पिकअपमध्ये 3.73 साठी जीटी 4 आणि 3.42 साठी जीयू 6 असे संकेत असतात, आणि जुन्या एक्सलवर झाकणाच्या बोल्टखाली दातांचे आकडे ठोकलेली पत्र्याची पट्टी आढळते. तेथील रस्ते आणि ट्रेलर यांचे गणित निराळे आहे, आपण त्यांची नक्कल करण्याचे कारण नाही; पण बोल्टखालच्या पत्र्याच्या पट्टीला फारसा खर्च येत नाही.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मूळ बनावटीत फेरफार करण्यावर बंधन आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अधिक कडकपणे वाचले. मात्र नोंदणीपुस्तकात इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, वजन, घनक्षमता ही माहिती असते आणि क्राउन-पिनियनचा उल्लेख नसतो. त्यामुळे पासिंगला गाडी आली तरी निरीक्षकाने कशाशी ताडून पाहायचे, हा प्रश्न राहतोच. उत्पादकांनी मालकाच्या पुस्तकात आणि हाउसिंगवरच्या पट्टीवर दातांचे आकडे द्यावेत, विक्रेत्याने गिऱ्हाईक घाटात चालवणार की महामार्गावर हे विचारून उपलब्ध असेल तो पर्याय सुचवावा, आणि गॅरेजने सेट बदलल्यास बिलावर जुने आणि नवे दात, जोडीचा क्रमांक आणि त्या दिवशीचे किलोमीटर लिहावेत, एवढीच माझी मागणी आहे. परिवहन खात्याने एक परिपत्रक काढले तर बिलावरची ही नोंद जुनी गाडी घेणाऱ्यालाही उपयोगी पडेल, कारण खोट्या मीटरचा सर्वांत मोठा फटका त्यालाच बसतो.

तोपर्यंत मालकांनी निदान आपल्या गाडीत काय आहे ते स्वतः पाहावे. सपाट जागेवर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा आणि मागचे एकच चाक जॅकवर उचलून एक्सलखाली पक्का टेकू द्या. जॉइंटवर आणि हाउसिंगच्या तोंडावर समोरासमोर खडूची रेघ ओढा. उचललेले चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि दुसऱ्या माणसाला जॉइंटवरची रेघ मोजायला सांगा. दुसरे चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळे येथे चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक फेरा होतो. रेघ चार फेरे करून जराशी पुढे गेली तर आत 10/41 आहे. पाचवा फेरा पुरा व्हायला थोडाच बाकी राहिला तर 8/39.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
गडहिंग्लज, जि. कोल्हापूर